खाला बसली का?

मार्गशीर्ष निम्मा सरला की माझ्या नाकाला आधी कळतं, कॅलेंडरला मागून. परभणीच्या या तिसऱ्या मजल्यावर ना रान, ना बांध, ना चूल. पण भाजीबाजारात तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागले, हरभऱ्याच्या डहाळ्यांच्या पेंड्या आल्या, की मी सुनेला म्हणते, "येळवस आली बरं का." ती भिंतीकडं बघून म्हणते, "आई, अजून आठवडा आहे." असू दे. आठवडा काय, भज्जीची तयारी करायची म्हटली तर उद्याच आहे. परवा तिनं सांगितलं की भज्जीच्या भाज्या आता निवडून, सोलून पाकिटात मिळतात. मी म्हटलं, मग जेवायलाही पाकिटातली माणसं आण.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली अवस. त्या दिवशी आमच्याकडे घरात कुणी राहत नाही, सगळे रानात. ज्वारीच्या धाटांची कोप उभी करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची. मग मडक्यातली आंबील लिंबाच्या डहाळीनं शिंपडत, "ओलगे, ओलगे" ओरडत पिकाला फेरी घालायची. ओलगेचा अर्थ मला आजवर कुणी धड सांगितला नाही. कानडी आहे म्हणतात. अर्थ कळला नाही म्हणून ओरडायचं कुणाचं राहिलं, असंही कधी झालं नाही. त्यानंतर जेवण. बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, आणि भज्जी. भज्जी म्हणजे तेलातली भजी नव्हे बरं. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, जे जे रानात हिरवं आहे ते सगळं आंबट ताकात आणि बेसनात शिजवायचं. दुसऱ्या दिवशी ती शिळी जास्त चांगली लागते. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि एक नियम आहे. ज्याला रान नाही त्याला आपल्या रानात न्यायचं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "रान असल्याला जेवाय मिळतं, त्यात काय नवल? रान नसल्याला पयलं वाढायचं, मनून तर ही येळवस हाय."

सासूबाईंना सगळी वाडी आव्वा म्हणायची. लहानखुऱ्या, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि जिभेला धार. मी गंगाखेडच्या दुकानदाराची मुलगी. वडिलांनी पेठेतल्या गाद्यांवर बसवून मला अक्षरं शिकवली होती. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी आव्वांना विचारलं, "आपल्या गावाचं नाव काय?" तर म्हणाल्या, "गाव कुठलं आलं बाई? तू वाडीत आलीस."

खरंच, त्याला गाव म्हणायची सोय नव्हती. वरचं गाव होतं, खालचं गाव होतं, आणि दोन्हींच्या मध्ये एका जुन्या विहिरीभोवती आमची मूठभर घरं. मधली वाडी. आमच्याकडं वेस नव्हती, चावडी नव्हती, पाटील नव्हता. निजामाच्या दप्तरात आमचं नाव कुठंच नव्हतं. पट्टी गोळा करायची असली की दोन्ही गावांचे पटवारी म्हणायचे, हे आमचे. विहीर उपसून द्या म्हटलं की दोघं म्हणायचे, ते त्यांचे. माझे वडील भेटायला निघाले की चुकायचे, कारण वाट विचारली की वरच्या गावचे लोक खालच्या गावाकडं बोट दाखवायचे आणि खालच्या गावचे वरच्या. मला आधी लय राग यायचा. माहेरी मैत्रिणींना सांगायला सासरच्या गावाला एक बरं नावसुद्धा नाही!

पण वाडीत एक गंमत होती, ती मला हळूहळू कळली. तिथं कोण कुणाच्या घरचं हे पाहुण्याला सांगता यायचं नाही. पोरं जिथं भूक लागेल तिथं जेवायची. कुणाची म्हैस आटली की दूध कुणाच्या तरी घरून यायचं, कुणाच्या ते कुणी विचारायचं नाही. माझा नवरा लहानपणी दोन दिवस शेजारच्या सोपानभाऊजींच्या घरी झोपला, तरी आव्वांनी शोधला नव्हता. "वाडीतच असंल की," एवढंच. "असंल की" हे आमच्या वाडीचं ब्रीदवाक्य म्हणा. त्याच्यावर सगळा कारभार चालायचा, आणि त्यानंच एकदा घात केला.

वाडीच्या कडेला, बाभळीखाली, खालाचं घर. खाला पिंजारीण, मुसलमान; खाला म्हणजे मावशी, सगळ्या वाडीची. नवरा गेल्यावर त्याची कापूस पिंजायची धुनकी तिनं खाली ठेवली नाही, स्वतःच खांद्याला लावली. मोठ्या हाडापेराची बाई, चालायला लागली की वाटेवर सावली पडायची. हिवाळा सुरू झाला की वाडीतला सरकी काढलेला कापूस तिच्या दारात जायचा आणि दिवसभर टंऽऽ टंऽऽ आवाज यायचा. तिच्या भुवयांवर, पापण्यांवर, ओठांवरच्या मिशीवर कापसाचे तंतू. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा घाबरले, तर हसून म्हणाली, "डर मत गे गंगाखेडवाली. म्हातारी न्हाई मी, पिंजायलाव मनून धवळी दिसते." वाडीतली एकही गादी, एकही रजई तिच्या हाताबाहेरची नव्हती. माझ्या लग्नातली रजई तिनंच भरली होती, आणि थंडीत ती ओढून घेतली की तिच्यातून उन्हाचा वास यायचा.

आव्वांची आणि तिची मैत्री म्हणजे रोजचं भांडण. एकदा उन्हात बसून दोघी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला पुरतात, मांडी घालून बसवून. त्यांच्यात आडवं. आव्वा म्हणाल्या, "खाले, माती दोघींची बी एकच. पर तुला आडवं व्हायला लय जागा लागंल. मी आपली कोपऱ्यात बसंन."

"बस, बस," खाला म्हणाली. "जिंदगीभर बसलीच की तू. काम मी करायलाव."

आव्वांचं सोवळं कडक होतं, तेही सांगायला हवं. सकाळी लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. पाणी आपल्याच घागरीतलं. येळवसला खाला आपली जर्मनची ताटली फडक्यात बांधून घेऊन यायची आणि पंगतीपासून हातभर अलीकडं बसायची. तेव्हा तसंच होतं. कुणाला त्यात काही वाटत नव्हतं, निदान आम्हाला तरी. तिला काय वाटायचं हे कुणी विचारलं नव्हतं.

मग तो हिवाळा आला. निजामशाहीचा शेवटचा हिवाळा, पण तो शेवटचा आहे हे तेव्हा कुणाला माहीत? करडई पिवळी फुलली होती, हरभऱ्यावर आंब धरत होती, शाळू पोटरीतून बाहेर पडला होता. पीक असं आलं होतं की पाखरंसुद्धा कुठून सुरुवात करू म्हणत असतील. पण रानात माणूस दिसायचा नाही. मोठ्या गावांमधून निजामाच्या बाजूच्या टोळ्या फिरायच्या, आज इथं जाळलं, उद्या तिथं लुटलं अशा बातम्या यायच्या. तरणी माणसं निजामाच्या हद्दीपलीकडं निघून गेली होती, उरलेली ज्वारीत झोपायची. आमच्या घरचे पण. संध्याकाळी चुली लवकर विझायच्या. बाया पाण्याला एकट्या जायच्या नाहीत. आणि एक नवीन गोष्ट झाली होती. पूर्वी लोक माणसाचं नाव घ्यायचे, आता "त्यांच्यातला" आणि "आपल्यातला" म्हणायला लागले होते. वाडीत अजून ते आलं नव्हतं. पण वाटेवर येऊन उभं राहिलं होतं.

खालाचा पुतण्या पूर्णेला रेल्वेत कामाला होता. दोनदा निरोप पाठवला त्यानं, "तिथं एकटी राहू नकोस. दिवस बरे न्हाईत. इकडं ये." दोन्ही वेळा खालानं तोच निरोप परत धाडला, "एकटी कुठं हाय मी? वाडी हाय की."

येळवसची सकाळ उजाडली. रानात जायचं का नाही यावर आदल्या दिवशी खल झाला होता. आव्वा म्हणाल्या, "पांडवांनी वनवासात रानं सोडली व्हती काय? जायचं. फकस्त दिस मावळायच्या आत परत." गाड्या जुंपल्या. मी आंबिलीचं मडकं मांडीत धरून बसले. निघताना मी विचारलं, "आव्वा, खाला?"

"मागनं सोपानच्या गाडीत असंल की."

सोपानभाऊजींना वाटलं, मागच्या गाडीनं येऊन आव्वांच्या कोपीत जाईल, दोघी जिवाभावाच्या. मागच्या गाडीवाल्यांना वाटलं, ती मागून पायी येईल, तिला गाडीत कधी कधी मळमळतं. दरवर्षी असंच व्हायचं, आणि दरवर्षी ती कुणाच्या ना कुणाच्या गाडीत असायचीच. तिला आवतण द्यायची पद्धतच राहिली नव्हती. घरच्या माणसाला कुणी आवतण देतं का?

गाड्या तिच्या दारावरून गेल्या. ती उंबऱ्यात बसली होती, धुतलेलं पांढरं लुगडं, डोळ्यांत सुरमा, मांडीवर फडक्यात बांधलेली ताटली. आम्ही हात केला. तिनं हात केला. मागच्या गाडीतल्यांनी हात केला. सगळ्यांनी हात केला आणि सगळे पुढं गेले.

दुसऱ्या कुठल्याही वर्षी दुपारपर्यंत हे उघडं पडलं असतं. येळवसला जेवण झालं की लोक एकमेकांच्या रानात जातात, ह्यांची भज्जी चाख, त्यांची खीर चाख. पोरं ह्या कोपीतून त्या कोपीत. त्या वर्षी कुणी बांध ओलांडला नाही. जो तो आपापल्या कोपीत, कान रस्त्याकडं. ओलगेची हाक सुद्धा दबक्या आवाजात दिली. मी तर म्हणते, दबक्या आवाजातलं ओलगे ऐकून पांडवांनाही कसंतरी झालं असेल. पटापट जेवलो आणि ऊन असतानाच गाड्या माघारी वळवल्या.

वाडी जवळ आली आणि आवाज आला. टंऽऽ टंऽऽ. येळवसच्या दिवशी कुणी कामाला हात लावत नाही. बैलाच्या खांद्यावर नुसती गाडी, नांगर नाही. मग धुनकी कशी वाजते? आव्वांनी माझ्या मांडीवर हात ठेवला, घट्ट. मग मागं वळून ओरडल्या, "सोपाना! खाला तुझ्या गाडीत न्हाई?"

सोपानभाऊजींचा चेहरा मी अजून विसरले नाही. "न्हाई. तुमच्यात नव्हती?"

गाडी थांबायच्या आत आव्वा उतरल्या. खालाचं दार उघडं होतं. आत कापसाचा धुरळा उडालेला, आणि मधोमध ती, सकाळच्या त्याच लुगड्यात. कोपऱ्यात फडक्यात बांधलेली ताटली तशीच. तिच्या बाजूला भांड्यांचं आणि कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं.

"खाले," आव्वा म्हणाल्या. "अगं, आमाला वाटलं..."

"मालूम है क्या वाटलं," तिनं धुनकी थांबवली नाही. रागावली की ती दखनी उर्दूवर जायची. "पूरे मुलुख को वाटा, वाडी को भी वाटा. मेरेकू कायकू बुरा लगना? जाव. अपने घर जाव."

"तसलं काय न्हाई गं!"

"हात हिलाए सब. मैं देखी. एक बी गाडी नै ठैरी." मग धुनकी थांबली. आवाज एकदम खाली आला आणि मराठीत आला, "सकाळी पुतण्या रजया न्यायला यायलाय. त्याच्यासंगं जाते मी पूर्णेला. तुमच्या मनावरचं वझं कमी."

आव्वा उंबऱ्यावरून माघारी वळल्या.

त्या संध्याकाळी विहिरीपाशी सगळी वाडी जमली आणि काय व्हायचं तेच झालं, भांडण. तुमी न्यायची, आमी कामून? तुमी तरी इचारायचं! सोपानभाऊजी रडवेले होऊन म्हणाले, "मी तर हात बी केला तिला."

"हात केलास मनून तर लागलं तिला," आव्वा म्हणाल्या. "बघितलंच नसतं तर एक बार चाललं असतं." मग पदराला डोळे पुसून म्हणाल्या, "दुसऱ्या साली ही चूक असती. औंदा ती चूक दिसत न्हाई रे, दुसरंच कायतरी दिसतंय. आन दिसतंय ते खरं न्हाई हे तिला कसं सांगावं?"

हे कोडं मला आजही पडतं. चूक खरी, तिच्यामागं पाप नाही, पण हवाच अशी की चुकीला पापाचा वास यावा. कुणी म्हणालं, पाया पडू. कुणी म्हणालं, रजयांचं काम वाढवून देऊ, त्याला आव्वांनी अशी नजर दिली की तो घरी निघून गेला. येळवस परत करावी म्हणावं, तर अवस एकदाच येते. वाडीला भीती एकच होती, आणि ती उघड होती. उद्या खाला गेली की आपणही वरच्या आणि खालच्या गावासारखे होणार.

सकाळी पुतण्या आला. रजया गाडीत चढल्या. गाठोडं चढायचं होतं, तेवढ्यात आव्वा निघाल्या. पूजा आटोपून, भस्म लावून, डोक्यावर कालच्या भज्जीचं मडकं. मागं मी उंड्यांची टोपली घेऊन. आम्ही रस्त्यावर पाऊल टाकलं तर सोपानभाऊजी खिचड्याचं पातेलं घेऊन येत होते, त्यांच्या मागं खिरीचा तांब्या, आंबिलीचं गाडगं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. रात्रभर ज्याला त्याला तेच सुचलं होतं.

आव्वांनी मडकं खालाच्या अंगणात उतरवलं. "चल, रानात चल. शिळी येळवस करू."

खाला उंबऱ्यात उभी. तिनं मडक्याकडं बघितलं. मग म्हणाली, "न्हाई यायची मी रानात. इतकी वरसं तुमच्या रानात आले, तुमच्या पंगतीच्या अलीकडं बसले. आज इथं बसा. माझ्या दारात. बसता?"

आता आव्वांकडं कुणी बघेना आणि सगळे बघतच होते. आमच्या घरची बाई पिंजाऱ्याच्या अंगणात जेवली ही बातमी गंगाखेडच्या पेठेत पोचायला दोन दिवस पुरले असते. आव्वांनी गळ्यातली डबी पदराखाली सारली, जमिनीवरचा कापसाचा धुरळा हातानं बाजूला केला आणि बसल्या. त्या बसल्या तशी वाडी बसली.

जेवण सुरू झालं. पण जेवणात जीव नव्हता. खाला वाढलेलं नुसतं चिवडत होती. पुतण्या गाडीपाशी उभा राहून बैलांच्या शिंगांकडं बघत होता. अन् तेवढ्यात आव्वांना ठसका लागला. बाजरीचा कोरडा उंडा, त्यात भज्जीतली मिरची. डोळे लाल, मान हलायला लागली. "पाणी! पाणी!" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. पाणी कुणीच आणलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसरा आणेल की!

मला तिथं हसू फुटलं, देवाशपथ. काल ज्या चुकीनं एवढं रामायण झालं, तीच आज सकाळी परत, अख्ख्या वाडीची मिळून. सोपानभाऊजी विहिरीकडं पळायला निघाले. खाला उठली होती. रांजणातून तांब्या भरून आव्वांपुढं आली आणि तिथंच थबकली. तांब्या हातात, पुढं करावा की नाही, तिला कळेना. आव्वांचा श्वास अडकत होता, आणि इतक्या वर्षांत तिच्या घरचं पाणी त्यांनी कधी घेतलं नव्हतं.

आव्वांनी ओंजळ पुढं केली. ठसक्यातूनच म्हणाल्या, "वत की गं! मरूस्तोर बघत बसतीस का?"

खालानं पाणी ओतलं. आव्वा प्यायल्या. परत ओंजळ धरली, परत प्यायल्या. तिसऱ्यांदा ओतताना तांब्या जास्तच कलला आणि पाणी आव्वांच्या कपाळावर, भस्मावर, गळ्यातल्या डबीवर सांडलं. दोघी रडत होत्या की ठसक्याचं पाणी होतं, ते मी सांगत नाही. सांगते, रडत होत्या. मीही रडले. खालानं तोंड पुसलं आणि पुतण्याकडं वळून म्हणाली, "बैल छोड रे. ये, जेव. भज्जी शिळी चांगली लागते."

पुतण्या रजया घेऊन एकटाच पूर्णेला गेला.

पुढच्या भादव्यात भारताच्या फौजा आल्या, निजामशाही गेली. आमच्या घरचे ज्वारीत झोपायचे थांबले. वरच्या गावात साखर वाटली, खालच्या गावात मिरवणूक निघाली. सुटलो म्हणून आम्हीही दिवे लावले. पण सुटकेनंतरचे काही दिवस वाईटच होते. ज्यांनी सोसलं होतं त्यांचा राग, ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांच्या दारात जायला लागला. बातम्या तशाच यायच्या, फक्त उलट्या बाजूनं. आव्वांनी खालाच्या घराला कुलूप घातलं आणि तिला आमच्या घरी आणलं. माजघरात.

एका सकाळी बारीक पाऊस होता. पाच-सहा जण काठ्या घेऊन आले, लांबच्या कुठल्या गावचे. ओसरीत जातं होतं, त्यावर आव्वा आणि खाला समोरासमोर बसून दळत होत्या. दळायला बसताना आव्वांनी आपल्या कपाळाचं भस्म बोटांनी खालाच्या कपाळाला लावलं होतं. खाला म्हणाली होती, "लगा. मातीच है." मी दाराआड उभी, कडी हातात धरून.

"म्हातारे, हितं त्यांची घरं किती हायेत?" एकानं विचारलं.

आव्वांनी जातं थांबवलं नाही. "घरं? बाबा, हे गावच न्हाई. दप्तरात बगा जाऊन. वरच्या गावात इचारा, ते मनतील खालच्यात. खालच्यात इचारा, ते मनतील वरच्यात."

"आन ह्या कोण?"

"ही माझी जाऊ. बहिरी हाय. तुमाला पीठ पायजे का?"

माणसं थोडा वेळ उभी राहिली, पावसाला शिव्या दिल्या आणि गेली. जातं फिरतच राहिलं. बऱ्याच वेळानं खाला हळूच म्हणाली, "बहिरी कायकू बोली?"

"तुझं तोंड उघडलं असतं तर दखनी भाइर पडली असती," आव्वा म्हणाल्या.

त्या संध्याकाळी खालानं तोंड धुतलं. आव्वांनी माजघराचा एक कोपरा झाडून दिला, तिनं तिथं नमाज पढली. ज्या नाव नसलेल्या वाडीची मला माहेरी लाज वाटायची, ती वाडी मला तेव्हापासून कुठल्या शहराला द्यावीशी वाटली नाही.

त्या सालच्या येळवसला गाड्या जुंपल्या आणि सोपानभाऊजी पहिल्या गाडीवर उभे राहिले. कासरा हातात, पण बैल हाकलेच नाहीत. सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडले, "खाला बसली का?" आणि मागच्या गाडीतून, आव्वांच्या शेजारून, खाला ओरडली, "बसली रे बाबा, हाक आता!" मग गाड्या हलल्या. पुढच्या साली तसंच. त्याच्या पुढच्या साली तसंच. पोरांना ते इतकं आवडायचं की ती मुद्दाम तीन-तीनदा ओरडायची, आणि खाला शिव्या द्यायची.

खाला गेली त्या वर्षी सोपानभाऊजी सवयीनं ओरडले. ओरडल्यावर त्यांच्या लक्षात आलं. बैल माना हलवत उभे. तेव्हा आव्वा, पार थकलेल्या, पाठ वाकलेली, गाडीतून म्हणाल्या, "बसली. हाक." नंतर आव्वाही गेल्या, कोपऱ्यात बसायला. मग "बसली" म्हणायचं माझ्याकडं आलं.

आता वाडीला पाटी आहे, तिच्यावर कुणीतरी बियाण्याची जाहिरात चिकटवली आहे. सडक आहे, नळ आहे, ग्रामपंचायतीचा एक सदस्यही आहे आणि तो फोन उचलत नाही. बाभळीखालच्या घराच्या जागी आता कडब्याची गंजी असते. माझी नातवंडं दरवर्षी मला जीपमधून नेतात. तिथून रानात जायला ट्रॅक्टरची ट्रॉली. सोपानभाऊजींचा पणतू ट्रॅक्टरवर बसतो. खाला कोण होती हे त्याला नीट माहीत नाही. मागच्या साली विचारत होता, "आजी, खाला म्हणजे देवी का?" मी म्हटलं, देवी कसली, मिशा होत्या तिला.

पण किल्ली फिरवायच्या आधी तो मागं वळतोच. ट्रॉलीतली सगळी पोरं गप्प होतात, अगदी मोबाइल हातात असलेलीसुद्धा. तो ओरडतो, "खाला बसली का?"

"बसली," मी म्हणते, आणि जराशी सरकून घेते. जागा लागतेच तिला, मोठ्या अंगाची बाई होती.